मदतीची बटणं

मंडळी, हा लेख व्हिडिओ गेमवर आहे. त्यामुळे घरातली ज्येष्ठ वाचकमंडळी इथेच वाचणं थांबवतील, याची मला कल्पना आहे. पण जरा दम धरा. यात एसटी आहे, निजामाचं राज्य आहे आणि आपला मांजरसुंब्याचा घाटसुद्धा आहे.

विषय निघाला तो पुतण्यामुळे. साहेब हल्ली रेसिंगचे गेम खेळतात. त्याची तक्रार अशी, की "काका, सगळ्या मदती बंद केल्या की माझा लॅप पाच सेकंदांनी हळू होतो. मग बंद कशाला करायच्या?" प्रश्न रास्त आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितोय. आणि उत्तर देण्यासाठी बरंच मागे जावं लागणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

मदत म्हणजे काय, ते आधी सांगतो. गाडीच्या खेळांमध्ये नवख्या माणसासाठी काही सोयी असतात. वळण आलं की खेळ स्वतःच ब्रेक लावतो, गिअर स्वतःच बदलतो, चाक जागेवर फिरायला लागलं की इंजिनाची ताकद कमी करतो, रस्त्यावर एक रेघ काढून दाखवतो की बाबा रे, इथून जा. बीडला सुभाष रोडच्या आसपास वीस रुपये तासाने कॉम्प्युटर मिळायचा, तेव्हा आम्ही 'ग्रांप्री टू' खेळायचो. जेफ क्रॅमंड नावाच्या इंग्रज माणसाने केलेला, १९९६ सालचा खेळ. आमच्यापर्यंत तो काही वर्षं उशिराच आला, आणि कसा आला ते विचारू नका. कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या ओळीतली एफवाली बटणं म्हणजे या मदती. खेळाच्या पाच पातळ्या होत्या आणि पातळी चढत जाल तसतशी मदत काढून घेतली जाई. (वीजही अशीच काढून घेतली जाई. परळीचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आणि भारनियमनही आपल्याकडेच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चांगला जमलेला लॅप शेवटच्या वळणावर असताना पडदा काळा होण्याचं दुःख पुण्यामुंबईच्या ब्लॉगरांना कळायचं नाही.)

या खेळातली एक गंमत मला फार नंतर कळली. 'ग्रांप्री टू'मध्ये जो हंगाम होता तो १९९४चा. आता १९९४ साली काय झालं होतं? त्याच्या आदल्या वर्षी विल्यम्स संघाच्या गाडीत जगातल्या सगळ्या सोयी होत्या. चाक फिरू न देणारी ट्रॅक्शन कंट्रोल, चाक अडकू न देणारे एबीएस ब्रेक, रस्त्याप्रमाणे स्वतःला सावरणारं सस्पेन्शन. अ‍ॅलन प्रॉस्ट त्या गाडीवर जगज्जेता झाला. मग नियम करणाऱ्यांनी ठरवलं की हे फार झालं, गाडी माणसाने चालवली पाहिजे. १९९४पासून या सोयींवर बंदी आली. बंदी आली तशी शंकाही आली. मायकेल शूमाकरच्या बेनेटन गाडीतला प्रोग्रॅम तपासला तेव्हा त्यात शर्यत सुरू होताना मदत करणारी सोय सापडली. तीही कशी, तर पडद्यावर दहाच पर्याय दिसायचे, पण न दिसणाऱ्या तेराव्या पर्यायापर्यंत खाली गेलं की ती सुरू करता यायची! संघ म्हणाला, आम्ही ती वापरलीच नाही. वापरल्याचा पुरावाही मिळाला नाही. म्हणजे बघा, ज्या हंगामात जगज्जेत्याकडे संशयाने पाहिलं गेलं, त्याच हंगामाच्या खेळात आम्हा बीडच्या पोरांना ट्रॅक्शन कंट्रोल एका बटणावर मिळत होती, आणि तीही राजरोस.

पुढे २००१मध्ये स्पेनच्या शर्यतीपासून ती पुन्हा चालू झाली. कारण मजेशीर आहे. चोरून कोण वापरतं ते पकडता येईना, म्हणून सगळ्यांनाच परवानगी दिली. २००५ साली आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डनमधून धावला तो याच काळात. मग २००८मध्ये सगळ्या गाड्यांना एकच ठरावीक इलेक्ट्रॉनिक मेंदू बसवला आणि ट्रॅक्शन कंट्रोल पुन्हा गेली.

पण मदतीची गोष्ट फॉर्म्युला वनपासून सुरू होत नाही. १९१२मध्ये कॅडिलॅकने हँडल न मारता गाडी सुरू करायची सोय दिली. १९२८मध्ये त्याच कंपनीने गिअर सहज पडावा म्हणून सिंक्रोमेश आणलं. १९५१मध्ये क्रायस्लरने पॉवर स्टिअरिंग दिलं आणि १९७८मध्ये मर्सिडीजमध्ये बॉशचे एबीएस ब्रेक आले. यातली प्रत्येक गोष्ट त्याआधी कुणीतरी हाताने किंवा पायाने करत होतं. खेळातलं एकेक बटण बंद करणं म्हणजे त्या माणसाचं काम पुन्हा अंगावर घेणं.

आणि असा एक माणूस आमच्या घरातच होता. मामा. बीड डेपोत आयुष्यभर एसटी चालवली.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण गंमत आहे. एसटीची पहिली बस १ जून १९४८ला पुणे–नगर मार्गावर धावली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या दिवशी बीड त्या राज्यात नव्हतंच! आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मुक्ती मिळाली त्यानंतर साडेतीन महिन्यांनी. आपल्याकडच्या सरकारी बसचा इतिहास खरं तर एसटीपेक्षा जुना आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२मध्ये २७ गाड्या घेऊन बस चालू केल्या होत्या. मराठवाडा १९५६मध्ये मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठे आपण एसटीवाले झालो.

तर मामा. त्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. गिअर उतरवताना डबल क्लच मारावा लागे. म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, बरोबर तेवढाच अ‍ॅक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर टाका. जरा चुकलं की गिअरबॉक्स असा ओरडायचा की मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस जागा व्हायचा. १९९८मध्ये 'ग्रांप्री लेजंड्स' नावाचा खेळ आला, त्यात १९६७च्या शर्यतीच्या गाड्या होत्या. जिम क्लार्कची लोटस वगैरे. गाडीला पंख नाहीत, रस्त्याला चिकटून राहायला काही नाही. जगभरचे खेळाडू पहिल्याच वळणात गोल फिरायचे आणि खेळ बंद करून ठेवायचे. मामांनी तो पाहिला तेव्हा त्यांना त्यात अवघड काय तेच कळेना. म्हणाले, "आरं, मग गाडी अशीच असती की."

मामांनी मला सांगितलेली एक गोष्ट मी आजवर वाचलेल्या कुठल्याही गेमच्या पुस्तिकेपेक्षा मोलाची आहे. ब्रेक नीट लागला की नाही ते कसं ओळखायचं? आरशात उभी माणसं बघायची. मांजरसुंब्याचा घाट उतरताना गाडीत वीसेक जण उभे असतात. "एकदा हालली तर ब्रेक बरोबर. दोनदा हालली तर चुकला." म्हणजे कसं, की ब्रेक दाबला की सगळे पुढे झुकतात. मग गाडी वळणात गेली की बाजूला झुकतात. हे पुढून बाजूला जाणं एका ओघात झालं पाहिजे. ब्रेक झटक्यात सोडला तर माणसं आधी मागे येतात आणि मग बाजूला फेकली जातात. हे दुसरं हलणं म्हणजे चूक.

आता हेच शास्त्राच्या भाषेत. टायरची पकड ठरावीक असते. ती सगळी ब्रेकला वापरली तर वळायला काही उरत नाही, आणि सगळी वळायला वापरली तर ब्रेकला उरत नाही. दोन्हींचा मिळून खर्च एका वर्तुळाच्या आत ठेवायचा. अमेरिकेतल्या मिलिकन बापलेकांनी यावर जाडजूड पुस्तक लिहिलंय, १९९५चं. यातले लेक, डग मिलिकन, त्याआधी १९८९च्या 'हार्ड ड्रायव्हिन' या आर्केड खेळासाठी गाडीचं गणित बसवायला मदत करून आले होते. त्या यंत्राला चक्क किल्ली, क्लच आणि गिअरचा दांडा होता. म्हणजे गाडीचं खरं शास्त्र खेळात फार लवकर शिरलं होतं. मामांकडे पुस्तक नव्हतं. त्यांचं वर्तुळ उभ्या प्रवाशांचं होतं.

आता पुतण्याच्या पाच सेकंदांकडे येऊ.

२०११ साली दिल्लीजवळ बुद्ध सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, ३० ऑक्टोबरला. त्या वर्षीचा अधिकृत खेळ सप्टेंबरमध्येच आला होता आणि त्यात हा ट्रॅक होता. म्हणजे खऱ्या गाड्या तिथे धावण्याच्या आधी महिनाभर आम्ही बीडमध्ये बसून त्याच्यावर चकरा मारत होतो. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं. सगळ्या मदती चालू ठेवून माझा लॅप १ मिनिट ३३ सेकंदांचा यायचा. कितीही खेळा, १:३३. सगळ्या बंद केल्या तर १:३८, तेही गाडी गवतात गेली नाही तर. तीनेक आठवड्यांनी मदतीशिवाय १:३० लागला. (खऱ्या शर्यतीत सेबास्टियन वेटेलचा सगळ्यात वेगवान लॅप १:२७.२४९ होता. त्याच्याशी तुलना नको, पण आकडा सांगून ठेवतो.)

हे तीन सेकंद कुठून आले? मदत नवशिक्याला वाचवण्यासाठी असते, म्हणून ती नेहमी सावध असते. आपोआप लागणारा ब्रेक लवकर लागतो आणि गरजेपेक्षा जास्त लागतो. ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरायला लागलं की ताकद कापते, आणि ती कापणी वळणातून बाहेर पडताना, म्हणजे नेमकी नको तेव्हा होते. बुद्ध सर्किटचं तिसरं वळण घ्या. चढावर आहे, हळू आहे, आणि त्यानंतर एक किलोमीटरहून जास्त लांब सरळ रस्ता. त्या सरळ रस्त्यावर सरासरी वेग २७०ऐवजी २७५ राहिला तर तेवढ्यात पाव सेकंद वाचतो. म्हणून त्या वळणात शिरताना शूरपणा न करता थोडं हळू जायचं, वळणाचा आतला टोकाचा बिंदू उशिरा गाठायचा आणि गाडी सरळ होताच ताकद द्यायची. इटलीचा पिएरो तारुफी हे पन्नासच्या दशकातच भूमितीच्या आकृत्या काढून सांगून गेला. तो इंजिनिअर होता आणि १९५७ची शेवटची मिले मिलिया शर्यत त्यानेच जिंकली, त्यामुळे त्याला नुसता पुस्तकी म्हणता येत नाही.

म्हणून पुतण्याला सांगणं असं, की सगळी बटणं एका दिवशी बंद करू नकोस. आधी आपोआप ब्रेक बंद कर, कारण तो सगळ्यात जास्त वेळ खातो. मग गिअर हातात घे. मग ती रस्त्यावरची रेघ. रेघ असते तोवर आपण रेघ बघतो, ट्रॅक बघत नाही. ती गेली की ब्रेक कुठे मारायचा त्याच्या खुणा आपल्या आपण शोधाव्या लागतात, एखादा फलक, एखादा पूल, रस्त्याच्या रंगातला फरक. ट्रॅक्शन कंट्रोल त्यानंतर, आणि तीही कीबोर्डवर खेळत असशील तर नकोच. बटण एकतर दाबलेलं असतं नाहीतर सुटलेलं, पाय थोडा उचलायची सोयच नाही. एबीएस सगळ्यात शेवटी. आणि दर वेळी एकच वळण सुधारायला घे. मी आठवडाभर फक्त ते तिसरं वळण घेतलं होतं.

आणि हो, हे फक्त खेळात. वहिनी, काळजी नको :) एप्रिल २०१९पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे आणि ते चांगलंच आहे. ट्रॅकवर रस्ता रिकामा असतो आणि पुढचं वळण शंभर वेळा घेतलेलं असतं. बीड–गेवराई रस्त्यावर पुढे काय येईल ते कुणीच सांगू शकत नाही. एबीएस नसलेल्या गाडीत पावसात मामांचा पाय काय करायचा, ते मी शेजारी बसून पाहिलंय. पण तसा पाय व्हायला त्यांना वीस वर्षं लागली, आणि त्या वीस वर्षांत सगळेच त्यांच्यासारखे सुखरूप राहिले नाहीत. डेपोतल्या जुन्या लोकांची नावं काढली की मामा गप्प होतात.

एसटीची विजेवरची बस, शिवाई, १ जून २०२२ला सुरू झाली, तीही पुणे–नगर मार्गावरच. मध्यंतरी मामा पुण्याहून नगरपर्यंत तिने आले आणि पुढे साध्या गाडीने बीडला. आवाज नाही, धक्के नाहीत, प्रवास कसा सुखाचा झाला ते सांगत होते. ड्रायव्हरच्या मागचीच जागा मिळाली होती म्हणे. मी विचारलं, मग चालवणं कसं वाटलं त्याचं? मामा जरा थांबले.

"चांगला चालवतो पोरगा," म्हणाले. "पर त्याचा डावा पाय दिसभर करतो काय रं?"