बंद शाळेचा पगार

माझी आजी मराठी दुसरी शिकलेली. "तिसरीत बसले होते, पण प्लेग आला," असं ती सांगायची. चिकोडी तालुक्यातलं तिचं गाव. उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावून मळ्यात झोपड्या घालायचे. शाळेलाही कुलूप लागलं आणि ते सहा-सात महिने निघालं नाही. शाळा उघडली तेव्हा तिचे भाऊ परत गेले. तिचं मात्र तोवर लग्न ठरलं होतं. पुढे आयुष्यभर ती पोथी बोटाने ओळ धरून वाचायची. अवघड जोडाक्षर आलं की थांबायची आणि म्हणायची, "हे तिसरीत होतं."

बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा मी तिला एकदा विचारलं, "मग त्या दिवसांत मास्तर काय खात होते गं?" ती म्हणाली, "आमच्या घरून शिधा जायचा. कधी जोंधळे, कधी डाळ. नंतर नंतर कुणी देईना. मग मास्तर गावच सोडून गेले."

प्लेग मुंबईत आला 1896 च्या सप्टेंबरात. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत साथ आपल्या बेळगाव, हुबळी, धारवाडकडे पोचली आणि मग कितीतरी वर्षं फिरून फिरून येत राहिली. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांना अनुदान मिळायचं ते निकालावर. दिपोटीसाहेब येणार, मुलं मोजणार, परीक्षा घेणार, आणि पास झालेल्या मुलांच्या हिशोबाने पैसे देणार. साथीत मुलंच मळ्यात पांगली तर दिपोटी मोजणार काय? कर्झनच्या काळात ही पद्धत मोडीत निघाली. पण हजेरी नाही तर पैसा नाही, ही समजूत काही आपल्या डोक्यातून गेली नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच घरात मी ते पाहिलं.

मार्च 2020 च्या मध्यावर कर्नाटकातल्या शाळा बंद झाल्या. सरकारी शिक्षकांचे पगार चालू राहिले. त्यांना सर्वेक्षणाला आणि कोविडच्या इतर कामांना जुंपलं, ते वेगळं. ऑगस्टमध्ये 'विद्यागम' निघालं. शिक्षक देवळाच्या कट्ट्यावर, झाडाखाली मुलं जमवून शिकवू लागले. ऑक्टोबरात साथीच्या भीतीने तेही थांबलं. पण खासगी विनाअनुदानित शाळांतले शिक्षक कुणाच्याच वहीत नव्हते.

माझी धाकटी तेव्हा आठवीत. आमचं कापडाचं दुकान बंद, घरात हप्त्यांची चिंता. पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, 'वर्ग नाहीत तर फी कशाची?' त्यावर अंगठा उठवणाऱ्यांत मी पहिल्या पाचात होते. शाळा म्हणाली, फी येत नाही तर पगार कुठून देऊ? दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटत होत्या. त्या दोघांच्या मधे बाई उभ्या आहेत, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीच्या आधी दुपारी बेल वाजली. दारात धाकटीच्या गणिताच्या बाई. हातात पिशवी.

"वहिनी, शेंगाची चटणी करते हल्ली. कडक भाकरीही आहेत. तुमच्यासाठी बिनलसणाची वेगळी केली आहे. तुम्ही घेत नाही, मला ठाऊक आहे."

बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. ऑगस्टपासून अर्धा पगार, दसऱ्यापासून तोही नाही. आणि सकाळी अकरा वाजता माझ्याच स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्यांचा आवाज मोबाईलमधून रोज यायचा! तो रिचार्ज त्या स्वतःच्या पैशाने मारत होत्या. मी दोन पुड्या घेतल्या आणि वरचे पन्नास रुपये ठेवा म्हटलं. त्यांनी ते मोजून परत दिले. "नको वहिनी, चटणीचे झाले तेवढेच."

त्या पन्नास रुपयांनी मला जे सांगितलं ते ग्रुपवर कुणी सांगितलं नव्हतं.

जानेवारी 2021 मध्ये सरकारने शिकवणी फीच्या 70 टक्केच घ्या असा आदेश काढला. मग प्रकरण कोर्टात गेलं आणि सप्टेंबरात सवलत 15 टक्क्यांवर आली. जून 2021 मध्ये विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना एकदाच 5,000 रुपयांची मदत जाहीर झाली. सव्वा वर्षाला पाच हजार. आजीच्या भाषेत सांगायचं तर शिधा.

पहिली ते पाचवीचे वर्ग उघडले 25 ऑक्टोबर 2021 ला, म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळाने. त्याआधी जानेवारीत अझीम प्रेमजी फाउंडेशनने कर्नाटकासह पाच राज्यांतल्या 16,067 मुलांची पाहणी केली होती. 92 टक्के मुलं भाषेतलं आधी येणारं किमान एक कौशल्य विसरली होती, गणितात 82 टक्के. मग सरकारने 2022-23 साली 'कलिका चेतरिके' म्हणजे शिकण्याची भरपाई सुरू केली. चांगलंच केलं. पण ही भरपाई करणार कोण? जे शिक्षक टिकले तेच ना?

आमच्या बाई टिकल्या नाहीत. शाळा उघडली तेव्हा त्या एका विमा कचेरीत लागल्या होत्या. आम्ही राहिलेली फी भरली, पावती घेतली, पण त्या पैशाने त्या परत येणार नव्हत्या. धाकटीला बीजगणित शिकवायला वर्षभरात तीन जण आले नि गेले. मुलांचा बुडालेला वेळ आणि शिक्षकांचा बुडालेला पगार, हे दोन हिशोब आपण वेगळ्या वह्यांत मांडतो, तिथेच चुकतो.

आमच्यात चार दानं सांगतात, आहार, औषध, अभय आणि ज्ञान. दान देताना हात वर असतो, म्हणून ते सोपं जातं. पगार हे दान नव्हे, ते देणं आहे. आजीच्या घरचा शिधा मास्तरांना काही महिने पुरला, पण तिला तिसरी शिकवायला ते गावात राहिले नाहीत. पुढची साथ कधी येईल कुणाला ठाऊक. ती यायच्या आधी बंद शाळेचा पगार कुणी द्यायचा, हे पालक, शाळा आणि सरकार तिघांनी बसून ठरवायला हवं.

आजीची पोथी आता माझ्या कपाटात आहे. काही जोडाक्षरांखाली तिने नखाने खूण केलेली दिसते. कुणाला तरी विचारायचं राहिलं असावं.