त्वचारंध्रे, चेहऱ्यावरील : आकुंचनोपचारांचा इतिहास

त्वचारंध्रे म्हणजे केसपुटकांची (ज्या नळीसारख्या खळगीतून केस उगवतो तिची) त्वचेवर उघडणारी सूक्ष्म तोंडे. केसपुटकास जोडलेल्या त्वक्‌स्नेह ग्रंथींचा तेलकट स्राव याच तोंडांवाटे बाहेर पडतो. कपाळ, नाक व गाल या भागांत या ग्रंथी मोठ्या व दाट असल्याने तेथील रंध्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ती मोठी दिसणे हा रोग नव्हे. तथापि ती मिटविण्याचे प्रयत्न प्राचीन काळापासून होत आले आहेत. रंध्रे दाराप्रमाणे उघडतात व मिटतात, ही कल्पना या प्रयत्नांच्या मुळाशी दीर्घकाळ होती.

प्राचीन काळ : रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या आस्क्लिपायडीझ (इ. स. पू. दुसरे-पहिले शतक) याच्या मते शरीर सूक्ष्म कणांचे असून ते कण अदृश्य रंध्रांतून फिरतात. त्यावरून पुढे मेथडिस्ट संप्रदायाने रोगांचे आवळलेले, सैल व मिश्र असे तीन वर्ग केले. सैल झालेले ते आवळावे, हे उपचाराचे तत्त्व ठरले. प्लिनी (इ. स. २३–७९) याने तुरटीच्या स्तंभक, म्हणजे आकुंचन घडविणाऱ्या, गुणाचे वर्णन केले आहे. महाराष्ट्रातही दाढीनंतर चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरविण्याची न्हाव्यांची रीत याच गुणावर आधारलेली होती.

भारतीय वैद्यकात भर मुखलेपावर होता. सुश्रुतसंहितेत तारुण्यातील पुटकुळ्यांची क्षुद्ररोगांत गणना केली आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (सु. सातवे शतक) मुखलेपाचे दोषहर, विषहर व वर्ण्य असे तीन प्रकार व त्यांची जाडी दिली असून, लेप पूर्ण वाळू देऊ नये, वाळलेला लेप कांती बिघडवितो, असे सांगितले आहे. शार्ङ्गधरसंहितेत लोध्र, धने व वेखंड यांचा लेप सांगितला आहे. यांतील लोध्राची साल तुरट आहे.

आधुनिक काळ : सांतोर्यो याने १६१४ मध्ये त्वचेवाटे नकळत होणाऱ्या बाष्पोत्सर्गाची मोजमापे प्रसिद्ध केली. उघडी रंध्रे रोगास वाट देतात, या समजुतीने सोळाव्या-सतराव्या शतकांत यूरोपात गरम पाण्याचे स्नान धोक्याचे मानले जाई. नीअमाया ग्रू याने १६८४ मध्ये बोटांवरील घर्मरंध्रांचे वर्णन केले आणि सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कल्पनेतील रंध्रांची जागा प्रत्यक्ष रचनेने घेतली. केसपुटकाच्या तोंडाशी ते मिटविणारा स्नायू नसतो. थंडीत केस उभे करणारा स्नायू केसपुटकास खाली जोडलेला असतो व तो तोंड बंद करीत नाही. तुरटीसारख्या द्रव्यांनी पृष्ठभागावरील प्रथिने साकळतात व कडा किंचित सुजतात. म्हणून रंध्र काही वेळ लहान दिसते, इतकेच.

बाजाराने मात्र जुनीच कल्पना जोपासली. अमेरिकेतील मूळ रहिवासी वापरीत असलेल्या विच हॅझेल या झुडपाचा अर्क १८४६ पासून विकला जाऊ लागला. डाग व खळगे झाकण्यासाठी शतकानुशतके वापरलेली शिशाची पांढरी भुकटी विषारी होती. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्यांनी ग्रंथी सुकविण्याचे उपचार मुरुमांवर अनेक दशके चालले. पुढे त्यांतील काही रुग्णांना त्वचेचे व अवटू ग्रंथीचे कर्करोग झाल्याचे आढळले.

१९६९ मध्ये ॲल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी मुरुमांवर रेटिनॉइक अम्लाचा उपयोग दाखविला. केसपुटकात साचणारी पेशींची बूच त्यामुळे मोकळी होते व त्वचेचा आधार सुधारतो. मात्र १९५१–७४ या काळात क्लिगमन यांनी फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर केलेले प्रयोग तीव्र टीकेचे विषय ठरले. त्याबद्दल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने २०२१ मध्ये व फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये क्षमा मागितली. २००४ मध्ये वर्णिलेल्या, त्वचेवर सूक्ष्म व विरळ जखमा करणाऱ्या लेसर-पद्धतीनेही फरक पडतो, पण तो मर्यादित असतो.

तेलकट स्रावाचे प्रमाण, वयानुसार घटणारी त्वचेची लवचिकता आणि उन्हाने होणारी हानी ही रंध्रे मोठी दिसण्याची प्रमुख कारणे आहेत. कोणताही उपचार रंध्रे कायमची मिटवीत नाही. ती मिटली असती, तर त्वचेचे स्नेहनही थांबले असते.