हिराकोट ते समुद्र

'अलिबागसे आया है क्या?' हा प्रश्न आम्हा अलिबागकरांनी मुंबईत किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एक याचिका मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2019 साली न्यायालयाने ती फेटाळली. मला विचाराल तर बंदीची गरजच नव्हती. असे विचारणाऱ्याला हाताला धरून हिराकोट तळ्यापासून समुद्रापर्यंत चालत न्यावे. रमतगमत गेले तरी अर्ध्या तासाचे काम.

सुरुवातीलाच हिराकोट. कान्होजी आंग्र्यांनी 1720 मध्ये बांधलेला, काळ्या दगडांच्या थोरल्या चिऱ्यांचा. पुढच्याच वर्षी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. 1840 मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले. सरखेलांचा हा कोट पुढे तुरुंग झाला. आत जाऊन पाहण्याची इच्छा सहसा कोणी बोलून दाखवत नाही!

गावात शिरले की वाट थोडी वाकडी करून इस्राएल आळीत जावे. इथले मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर 1848 मधले, 1910 मध्ये नव्याने बांधलेले. बेने इस्राएल मंडळी घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. आडनावे रोहेकर, पेणकर, किहीमकर. घरात बोलणे मराठी. 1948 नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली. तिथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. आळीचे नाव मात्र इथेच राहिले.

मग येते किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा. पर्यटक तिच्यावरून घोडागाडीतून निघून जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला 1841 पासून होत असे. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाने युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांचा गोंधळ उडवला, तेव्हा कुलाब्याला माणसे रात्रंदिवस बसून डोळ्यांनी आकडे वाचत होती. त्या वादळाचा जोर ठरवताना आजचे शास्त्रज्ञही त्याच नोंदी काढून बसतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. विजेच्या प्रवाहाने उपकरणे बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत अलिबागची जागा मुक्रर झाली. वीज नाही, आगगाडी नाही. गावाचे मागासलेपणच कामी आले म्हणा ना! इमारतीला लोखंड वर्ज्य, खिळ्या-बिजागऱ्यांनाही तांबे-पितळ. आपल्या काळ्या कातळातही चुंबकत्व असते, म्हणून दगड पोरबंदरचा. हिराकोटाचा काळा चिरा पाहून आलेल्याने हा फिकट दगड मुद्दाम पाहावा. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्हींतला फरक ताडून पाहिला, मगच जुनी जागा सोडली. त्यामुळे साखळी तुटली नाही.

मुंबईच्या ट्राम 1964 मध्ये बंद झाल्या. आता वाढ होते आहे ती आमच्या गावाची. कुंपणाबाहेर मोटारींच्या रांगा लागतात, सळयांचे मजले चढतात. या वेधशाळेला हवी असलेली शांतता कानाला ऐकू येणारी नव्हे, त्यामुळे ती मोडल्याचे आपल्याला कळतही नाही. अलिबागहून तिला पुन्हा कुठे न्यायचे?

एवढे बोलेपर्यंत वाळू लागते. समोर कुलाब्याचा किल्ला, शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतलेला. ओहोटी असेल तर पाहुण्याला चालतच पलीकडे न्यावे, रघुजी आंग्र्यांनी बांधलेल्या गणपतीच्या देवळापर्यंत. भरती असेल तर किनाऱ्यावर शहाळे पीत थांबावे.