सातबाऱ्यावर डोंगराला उंची नसते

बोईसर स्टेशनच्या पूर्वेला उतरून चिल्हार फाट्याच्या रस्त्याला लागलात की थोड्याच वेळात बेटेगाव येतं. पुढे इमारती विरळ होतात, टेकड्या सुरू होतात आणि नागझरीच्या बाजूला त्यांतल्या काही अर्ध्याच उरलेल्या दिसतात. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला उभा कापलेला काळा कातळ, खाली क्रशर, आणि पानांवर पांढरी भुकटी. तिथून जाताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो: ही टेकडी आधी किती उंच होती?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर आपल्या नेहमीच्या कागदांत सापडत नाही. सातबारा काढा. त्यावर गट नंबर आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, डोंगराळ भाग बहुतेक ‘पोटखराब’ म्हणून टाकलेला आहे. उंची कुठेच नाही. याचं कारण या कागदाच्या जन्मात आहे. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यातल्या जमिनीच्या मोजणीची नवी पद्धत बसवली. सरकारला सारा ठरवायचा होता. त्यासाठी जमीन किती आणि तिचा कस कसा, एवढं पुरेसं होतं. साखळी टाकायची, हद्दीचे दगड रोवायचे, प्रत लावायची. डोंगरावर पीक नाही, म्हणजे सारा नाही, म्हणजे त्यात मोजण्यासारखं काही नाही.

याचा परिणाम विचित्र आहे. दोन एकरांवरची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, तरी सातबाऱ्यावर ते दोन एकर दोन एकरच राहतात. कागदावर काहीही हरवत नाही.

उंची मोजणारे लोक वेगळे होते. 1802 मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली. हाच पुढचा ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’. हा माणूस मेला आपल्याकडे, 1823 मध्ये, वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला. त्याच्या माणसांना शेतात रस नव्हता. त्यांना लांबून दिसणारी शिखरं हवी होती. एका शिखरावरून दुसऱ्याकडे थिओडोलाइट लावून कोन घ्यायचे. ती अवजड यंत्रं डोंगरावर चढवली खलाशांनी, ज्यांची नावं नकाशावर येत नाहीत.

तरीही एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच नकाशांत डोंगर म्हणजे बारीक रेघांची झालर असे. दिसायला सुरेख, पण त्यातून उंची वाचता येत नाही. 1905 नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने रंगीत टोपोशीटचं काम हाती घेतलं आणि झालरीची जागा तपकिरी समोच्च रेषांनी घेतली. शाळेत भूगोलाच्या पेपरात ज्यांच्यावर आपण दोन मार्क घालवले, त्याच या रेषा. आधी एक इंचाला एक मैल, पुढे मेट्रिक झाल्यावर 1:50,000. साधारणपणे दर वीस मीटर उंचीला एक रेषा.

बेटेगाव 47 ए/13 या शीटवर येतं. त्याच उभ्या रांगेत खाली उतरत गेलात की 47 ए/16 वर मुंबई भेटते. आता हिशेब करा. शंभर मीटर रुंद, दोनशे मीटर लांब अशी एक छोटी टेकडी या शीटवर दोन बाय चार मिलिमीटरची, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. ती वीस मीटर खाली कापली तर, कडा उभ्या धरून, चार लाख घनमीटर दगड निघतो. ब्रासमध्ये सांगायचं तर सुमारे एक लाख एक्केचाळीस हजार. एवढं सगळं एका कणीत मावतं.

मग हे नकाशे आपण लहानपणापासून का पाहिले नाहीत? कारण किनारपट्टी आणि सीमेजवळची शीटं बरीच वर्षं ‘रिस्ट्रिक्टेड’ होती, आणि आपण तर समुद्राला लागूनच. त्यात 1969 पासून तारापूरची अणुभट्टी. गंमत म्हणजे अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने 1950 च्या दशकात भारताचे 1:2,50,000 प्रमाणावरचे नकाशे छापले होते, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर केव्हाच खुले केले. म्हणजे आपले डोंगर ऑस्टिनमध्ये बसून पाहता येत होते, बोईसरमध्ये बसून नाही. 2005 च्या नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका आणली, 2017 मध्ये ती आधार नंबर देऊन डाउनलोड करता येऊ लागली, आणि 2021 मध्ये नियम आणखी सैल झाले.

जुनं टोपोशीट काय करू शकतं, हे अरवलीत दिसलं. राजस्थानातल्या बेकायदा खाणींचं प्रकरण 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर होतं. तपासणीसाठी नमुना म्हणून 128 टेकड्या घेतल्या होत्या. 1967-68 च्या टोपोशीटशी ताडून पाहिल्यावर त्यांतल्या 31 जागेवर नव्हत्याच. माणसं हनुमान होऊन डोंगर उचलून नेतायत की काय, अशा अर्थाचं न्यायमूर्ती लोकूर बोलले, त्याची तेव्हा बातमी झाली. मला बातमीतला दुसरा भाग मोठा वाटतो: टेकडी होती, हे सांगायला पन्नास वर्षांपूर्वीचा कागद होता. तो नसता तर ‘इथे सपाटच होतं’ हे खोडून काय काढणार?

पुढे 20 नोव्हेंबर 2025 ला त्याच न्यायालयाने, आजूबाजूच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा जास्त उंच असेल तोच अरवलीचा डोंगर, ही व्याख्या मान्य केली. ओरड झाली आणि 29 डिसेंबरला ती स्थगितही झाली. पण तेवढ्या दिवसांत समोच्च रेषा मोजणं हा देशभर चर्चेचा विषय झाला होता. वीस मीटरच्या शीटवर शंभर मीटर म्हणजे एकात एक अशा साधारण पाच रेषा. हा गज नागझरीच्या बाजूला लावला तर आशेरी, असावा, काळदुर्ग आरामात पास होतील. रस्त्याकडेच्या बुटक्या टेकड्यांत मात्र दोन-तीन रेषा मिळाल्या तरी खूप. आणि खडीसाठी आधी जातात त्या याच, कारण डंपर थेट पायथ्याला लागतो.

इथे टोपोशीटचीही एक खोट सांगायला हवी. वीस मीटरहून बुटकी टेकडी दोन रेषांच्या मधे पडली तर ती रेषांत येतच नाही. सर्व्हेअरने शेजारी उंचीचा आकडा लिहिला असेल तरच ती शाबूत. तेव्हा सगळं काम जुन्या नकाशावर सोडता येणार नाही. गाव कोणत्या टेकडीला काय म्हणतं, कुठल्या उतारावर गुरं चरायची, कुठून समुद्र दिसायचा, हे पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून शीटवर लिहून घ्यावं लागेल. प्लेन टेबल घेऊन आलेला सर्व्हेअरही नावं अशीच विचारत असे.

घाई यासाठी की आता दगडाची भूक वाढली आहे. बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक बेटेगावलाच होतंय, वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. दोन्हींना खडी, डबर, मुरूम लागणार आणि तो कुठल्यातरी डोंगरातूनच येणार. मी स्वतः लोकलने फिरणारा माणूस. प्लॅटफॉर्मही खडीवरच उभा आहे, हे मला कळतं. फक्त किती नेलं हे मोजायचं असेल, तर आधी किती होतं हे कुठेतरी लिहिलेलं हवं.

परवा फोनवर सॅटेलाइट नकाशा उघडून जुनं शीट शेजारी ठेवलं. एका जागी शीटवर एकात एक अशी तीन तपकिरी वर्तुळं आहेत. सॅटेलाइटवर तिथे निळसर हिरवं चौकोनी पाणी दिसतं. खाण बंद पडली आणि पावसाने खड्डा भरला. ॲपने त्याला तलाव समजून निळा रंग दिला आहे.