बंडी, दमणी आणि बैलाचा खांदा

मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या फिरत्या घरांना परदेशांत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ किंवा ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. त्यांतील स्वस्तातल्या नमुन्यांतही आज गादी, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे अशा सोयी आढळतात. १८८५ साली इंग्लंडमध्ये विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या माजी डॉक्टरने हौसेच्या प्रवासासाठी ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली. ती या फिरत्या घरांची पूर्वज मानली जाते. त्या काळी जी एका माणसाची चैन होती, ती पुढे साध्या गाडीचा भाग बनली. वाहनांच्या इतिहासात असे वारंवार घडते.

ट्रेलर म्हणजे स्वतःची शक्ती नसलेली, दुसऱ्याने ओढायची गाडी. या अर्थाने आपली बैलगाडीही ट्रेलरच होय. यवतमाळ जिल्ह्यातील साध्या गाडीत गेल्या दीडशे वर्षांत कोणत्या सोयी आल्या आणि त्या कोणाच्या वाट्याला आल्या, हे या लेखात पाहू. त्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे भौतिकशास्त्र, दोन्ही लागतील.

चाकाआधीची वाहतूक

चाकाचा शोध फार जुना असला तरी चाकाला वाट लागते. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चाक गिळते. त्यामुळे लांब पल्ल्याची वाहतूक दीर्घकाळ बैलांच्या पाठीवरूनच चाले. बंजारा समाजाचे तांडे धान्य, मीठ आणि कापूस गोण्यांत भरून बैलांवर लादत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस याच पद्धतीने थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत आज दिसणाऱ्या तांडा-वस्त्या त्या फिरत्या व्यवसायाची आठवण देतात.

१८६७ साली मुंबईकडून आलेला लोहमार्ग नागपूरला पोचला आणि चित्र पालटले. यवतमाळच्या कापसाला जवळचे स्टेशन धामणगाव. हे अंतर सुमारे २९ मैल, म्हणजे ४६ किलोमीटर. पक्के रस्ते होत गेले तशा लादलेल्या बैलांच्या जागी गाड्यांच्या रांगा दिसू लागल्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग झाला, तरी गावापासून स्टेशनापर्यंतची वाट गाडीचीच राहिली. रेल्वेने गाडीला संपवले नाही. उलट, तिला नवे काम दिले.

साधी बंडी

ही गाडी म्हणजे आपली बंडी. दोन मोठी लाकडी चाके, मध्ये आस, त्यावर साटा आणि पुढे जू. प्रवाशांसाठी निराळी सोय काहीच नाही. बाजारला किंवा जत्रेला जायचे तर साट्यात कुटार किंवा कडबा पसरायचा, वर सतरंजी अंथरायची. ऊन असेल तर बांबूचे तट्टे वाकवून त्याचे छप्पर करायचे. बैल चालत निघाले तर गाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते. म्हणजे यवतमाळहून धामणगावला पोचायला बारा तासांच्या वर वेळ हवा. अशा प्रवासात अंगाखालचे कुटार ही मोठीच सोय असे.

मात्र या गाडीत गावच्या सुतार-लोहारांचे शास्त्र भरलेले असते. चाकावर धाव चढवण्याचेच उदाहरण घ्या. १.४ मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ४.४ मीटर होतो. लोहार लोखंडी धाव यापेक्षा किंचित लहान करतो आणि गोवऱ्यांच्या जाळात तापवतो. एक अंश सेल्सिअसने तापमान वाढले की लोखंड लांबीच्या सुमारे बारा दशलक्षांशाने वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढवले तर ही धाव सुमारे २६ मिलिमीटरने लांबते आणि चाकावर सहज बसते. लगेच पाणी ओतले की ती आकसते आणि आरे, पुट्ठे, तुंबा यांना एकत्र आवळून धरते. यात खिळ्यांपेक्षा प्रसरणाचे काम मोठे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की धाव ढिली पडते. म्हणून गाडीवान चाके नदीनाल्यात भिजवून ठेवत.

चाक एवढे मोठे का? समजा, वाटेत ७ सेंटिमीटर उंचीचा दगड आला. ७० सेंटिमीटर त्रिज्येचे चाक त्यावर चढवायला चाकावरील वजनाच्या जवळजवळ निम्म्या इतका आडवा जोर लागतो. त्रिज्या ३५ सेंटिमीटर असेल तर हा जोर पाऊणपट होतो. खड्ड्याच्या बाबतीतही मोठे चाक कमी आत जाते. वाट वाईट तेवढे चाक मोठे, हा अनुभवाने काढलेला नियम होता.

दमणी आणि रेंगी

सुखवस्तू घरांत माणसांच्या प्रवासासाठी वेगळी, हलकी गाडी असे. विदर्भात दमणी, रेंगी, छकडा अशी तिची नावे आहेत. साटा लहान, घडण हलकी, वर छप्पर आणि बसायला गादी किंवा लोड. तिला चपळ बैल जुंपत. वर्धा-नागपूरकडचे गवळाऊ बैल अशा दुडक्या चालीसाठी प्रसिद्ध आहेत. सासर-माहेरच्या प्रवासात बायकांना आणि लहान मुलांना या छपराचा आधार वाटे. बंडी ही ओझ्याची आणि दमणी ही माणसांची. दोहोंतला फरक गाडीचा होता, तसाच घराच्या ऐपतीचाही होता. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हत्या ते पायीच चालत.

दोन्ही गाड्यांत एक गोष्ट मात्र सारखीच सांभाळावी लागे, ती म्हणजे तोल. ओझे आसाच्या मागे जास्त झाले की गाडी ‘उलाळते’. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला जोत्यांचा फास बसतो. ओझे पुढे जास्त झाले तर सगळा भार खांद्यावर येतो. आसाच्या किंचित पुढे वजन ठेवणे, ही गाडी भरण्याची कला आहे. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हाच तरफेचा नियम लागू पडतो. एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा भाग पुढच्या जोडावर असावा, असे तिथे सांगतात. तो कमी पडला तर ट्रेलर वेगात असताना झोके खाऊ लागतो.

रबरी धाव

लोखंडी धाव रस्त्याचा प्रत्येक धक्का जसाच्या तसा आसाला आणि आस तो साट्याला देते. हा धक्का मध्येच अडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गाडीखाली स्प्रिंग बसवणे. श्रीमंतांच्या घोडागाड्यांत ही सोय आधी आली. दुसरा, खुद्द चाकातच हवा भरणे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते मागे पडले. १८८८ साली बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली. डनलॉप हा व्यवसायाने जनावरांचा डॉक्टर होता!

विसाव्या शतकात ही रबरी धाव बैलगाडीपर्यंत पोचली. टायरच्या बंडीत चाक लहान झाले आणि आसाला बेअरिंग आले. चाक लहान असूनही दगडावर अडत नाही, कारण टायर दगडाभोवती दबतो आणि सगळी गाडी उचलावी लागत नाही. टेकण्याची जागा रुंद असल्यामुळे मऊ मातीत चाक कमी रुतते. लोखंडी धावेने रस्त्यावर पडणाऱ्या चाकोऱ्या टळतात. बेअरिंगमुळे आसाचे घर्षण घटते आणि वंगणाचे नळकांडे गाडीला टांगायची गरज राहत नाही. बसणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर जुन्या दमणीत गादीवर बसून जितका आराम मिळे, त्याहून कमी हादरे आज टायरच्या साध्या बंडीत बसतात. सोय वरून खाली आली ती अशी.

बचत कोणाची?

चाक सहज फिरू लागले म्हणजे ओढण्याचा जोर वाचला. या बचतीचे दोन उपयोग होऊ शकतात. तेवढेच ओझे ठेवून बैलाचे श्रम कमी करता येतात, किंवा बैलाचे श्रम तेवढेच ठेवून ओझे वाढवता येते. प्रत्यक्षात काय झाले?

ओढकामाच्या आणि लादणीच्या जनावरांविषयी केंद्र सरकारने १९६५ साली केलेले नियम येथे पाहण्यासारखे आहेत. मध्यम बैलाच्या दोनचाकी गाडीसाठी त्यांत वजनाची कमाल मर्यादा अशी आहे: साधे चाक असल्यास ७०० किलोग्रॅम, हवेचे टायर असल्यास १०५० आणि बॉल बेअरिंग असल्यास १४००. चाक सुधारले की ओझ्याची मर्यादा दीडपट आणि दुप्पट होते. चाकातली बचत ओझ्याच्या खात्यात जमा झाली, हे या आकड्यांतूनच दिसते. याच नियमांत बैलाच्या विश्रांतीचाही विचार आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि तापमान ३७ अंशांवर गेल्यास दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये, असे ते सांगतात. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते.

गाडी सुधारली तरी जू बहुतेक तेच राहिले. बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० च्या दशकात देशभरातील बैलगाडीचा अभ्यास केला आणि याकडे लक्ष वेधले. गोल लाकडी जू मानेच्या थोड्याशाच जागेवर टेकते. समजा, बैल ३५ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावतो आहे आणि जू १०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकले आहे. मग दर चौरस सेंटिमीटरवर ३५० ग्रॅमचा दाब येतो. तेवढाच जोर गादी लावून ३५० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर दाब १०० ग्रॅमवर येईल. मध्ययुगीन युरोपात घोड्यासाठी गादीचा गळपट्टा प्रचारात आला, तेव्हा घोडा नांगराला जुंपणे शक्य झाले. गादीची किंमत चाकाच्या मानाने फार नाही. पण ती लावल्याने गाडीत बसणाऱ्याला काही वेगळे जाणवत नाही, आणि म्हणूनच बहुधा ती मागे राहिली. उतारावरचा ब्रेकही तसाच. टायरची भरलेली बंडी उतारावर जोरात ढकलते. ब्रेक नसेल तर तो रेटा बैलालाच थोपवावा लागतो.

हा भार कोणावर पडतो, हे आपल्या शेतकऱ्याला माहीत नव्हते असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भात खांदशेकणी होते. बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळून तो शेकतात. वर्षभर जू जिथे टेकते तीच जागा यासाठी निवडली आहे. या प्रथेत कृतज्ञता आहे, आणि इजा नेमकी कुठे होते याचे अचूक निरीक्षणही आहे. तंत्रज्ञानाला मात्र ते निरीक्षण पुढे नेता आले नाही.

आता गावोगावी ट्रॅक्टर आणि त्यामागची ट्रॉली आली आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. तरीही कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून गावाकडे येणाऱ्या बंड्या दिसतात. नव्या वाहनाच्या सोयी मोजताना बसणाऱ्याबरोबर ओढणाऱ्याचाही हिशेब मांडावा, मग तो बैल असो, इंजिन असो की हातगाडी ओढणारा हमाल.

वर्गात हे दोन सोप्या प्रयोगांनी दाखवता येईल. एक खेळण्यातली गाडी ताणकाट्याने आधी फरशीवर, मग वाळूवर ओढा आणि जोर नोंदवा. चाकांना सायकलच्या ट्यूबचे रुंद तुकडे गुंडाळून वाळूवर पुन्हा मोजा. दुसऱ्या प्रयोगात दोन किलोचे वजन आधी सुतळीने आणि मग रुंद पट्ट्याने प्रत्येक विद्यार्थ्याला हातात मिनिटभर धरायला लावा. तळहातावर उठलेल्या वळाची तुलना केल्यावर दाबाची व्याख्या वेगळी सांगावी लागणार नाही. त्यानंतर गावातल्या एखाद्या गाडीवानाकडे जाऊन त्याच्या जुवाची रुंदी मोजून आणायला सांगा.