मागें राहून वाट धरणारें चाक

चाकाची थोरवी सर्वमान्य आहे. परंतु या थोर साधनास एक उणीव जन्मतःच चिकटलेली होती. चाक पुढें जातें, मागें येतें. आडवें मात्र जात नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें १९७४ सालीं ब्राँझचीं जीं प्राचीन शिल्पें सांपडलीं, त्यांत चार चाकांवर उभा असलेला एक गेंडा आहे. असा गेंडा सरळ ओढतां येईल; वळवावयाचा झाल्यास मात्र फरफटवावा अथवा उचलावा लागेल.

ही अडचण दूर करणाऱ्या लहानशा चाकास कॅस्टर म्हणतात. जड मेज, इस्पितळांतील खाट, कारखान्यांतील ढकलगाडी यांच्या तळाशीं तें असतें. १८७६ सालीं अमेरिकेंत डेव्हिड फिशर यानें फर्निचरच्या कॅस्टरचें पेटंट मिळविलें, म्हणून पुष्कळ ठिकाणीं त्यासच कॅस्टरचा जनक म्हटलें जातें. तें यथार्थ नव्हे. अठराव्या शतकांतच इंग्लंडांतील मेजांच्या पायांस चामड्याच्या चकत्यांचीं, व पुढें पितळेचीं, फिरतीं चाकें बसविलीं जात होतीं. फिशर सुधारक खरा, जनक नव्हे.

कारखान्यांतील कॅस्टरचे भाग मोजके. वर गाडीस आवळण्याची पोलादी पट्टी. तिच्याखालीं छर्ऱ्यांवर फिरणारें दुबेळकें. दुबेळक्यांत आंस, आणि आंसावर चाक. सारी युक्ति एवढ्यांतच आहे कीं, दुबेळकें ज्या बिंदूभोंवतीं फिरतें त्याच्या बरोबर खालीं आंस नसतो. तो किंचित् एका बाजूस सरकविलेला असतो. गाडी ढकलली म्हणजे जमिनीचें घर्षण चाकास मागें खेंचतें, आणि धन्यामागून चालणाऱ्या सेवकाप्रमाणें तें आपोआप गतीच्या दिशेस येतें. गाडी उलट ओढली कीं तेंच चाक अर्धा फेरा घेऊन पुन्हां मागें जातें. त्या वेळचा हिसका गाडी ढकलणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. आंस नेमका खालीं असता, तर चाकास दिशा कळलीच नसती.

कॅस्टरचे मुख्य प्रकार दोन: पक्कें आणि फिरतें. चारहि चाकें फिरतीं असलीं तर गाडी अरुंद जागेंत हवी तशी वळते, परंतु लांब वाटेवर भरकटते. म्हणून जड गाडीस बहुधा दोन पक्कीं व दोन फिरतीं देतात. धावेचाहि विचार करावा लागतो. बिडाचें चाक मोठा भार सहज वाहतें, पण फरशी फोडतें व कर्कश वाजतें. रबराचें चाक मुकाट्यानें चालतें, पण भाराखालीं दबून जड जातें. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर यानें शोधिलेल्या पॉलियुरेथेनची धाव या दोहोंमधला मार्ग काढते.

एक हिशेब मात्र विसरूं नये. चारचाकी गाडीचीं चाकें निवडतांना जाणते लोक एकूण वजनास चारांनीं नव्हे, तिहींनीं भागतात. भरलेल्या गाडीचें वजन ६०० किलो असेल, तर प्रत्येक चाक १५० नव्हे, २०० किलोंचें घेतात. कारण खडबडीत जमिनीवर एखादें चाक अधर राहतें व सारा भार उरलेल्या तिहींवर येतो. हा हिशेब टाळणाऱ्याची बचत चाकाच्या किंमतीपुरती असते. तिची भरपाई गाडी ढकलणाऱ्यास रोज आपल्या पाठीनें व खांद्यांनीं करावी लागते.