कुलाबा : पश्चिम रेल्वेचे विस्मृतीत गेलेले टर्मिनस

चर्चगेटला रूळ संपतात, हे मुंबईकरांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यापलीकडेही एकेकाळी लोकल धावत असे, यावर सहसा विश्वास बसत नाही. वास्तविक १९३० च्या अखेरपर्यंत या मार्गाचे दक्षिण टोक चर्चगेट नव्हे, तर कुलाबा हे होते.

पश्चिम रेल्वेची पूर्वज असलेल्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया अर्थात बीबीसीआय रेल्वेने १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू केली. पुढे १८७३ च्या सुमारास हा मार्ग कुलाब्यापर्यंत वाढवण्यात आला. कुलाबा हे त्या काळी कापसाच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते; त्यामुळे गुजरातेतून कापूस आणणाऱ्या रेल्वेला तेथवर पोहोचणे सोयीचे होते. वाढत्या वर्दळीसाठी १८९६ मध्ये कुलाब्याला टर्मिनसची नवी इमारत उभी राहिली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेवरील गाड्याही सुरू झाल्या.

मात्र, हे वैभव तीन वर्षेही टिकले नाही. बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याची योजना सरकारने हाती घेतली होती आणि चर्चगेटच्या दक्षिणेकडील रेल्वेची पट्टी त्या आराखड्याच्या आड येत होती. परिणामी ती सोडून देण्याचे ठरले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वास्तुविशारद क्लॉड बॅटली यांनी आरेखित केलेले मुंबई सेंट्रल स्थानक डिसेंबर १९३० मध्ये खुले झाले. उपनगरी गाड्यांसाठी चर्चगेट हे अखेरचे स्थानक ठरले. ३१ डिसेंबर १९३० रोजी कुलाबा स्थानक कायमचे बंद झाले.

स्थानकाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. एफ. सी. बधवार हे रेल्वे बोर्डाचे पहिले भारतीय अध्यक्ष. त्यांचे नाव वसाहतीला लाभले, स्थानकाचे नाव मात्र मागे पडले.

या निर्णयाची किंमत प्रवाशांनी दीर्घकाळ मोजली. चर्चगेटला उतरून कुलाबा, कफ परेडकडे जाणाऱ्या चाकरमान्यांच्या अनेक पिढ्या बस आणि टॅक्सीच्या रांगांत ताटकळल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो-३ कफ परेडपर्यंत पोहोचली आणि जवळपास ९५ वर्षांनी या टोकाला पुन्हा रूळ लाभले; पण ते जमिनीखालून. जमिनीवरचे जे रूळ शहराने एकदा उखडले, ते परत मिळवणे किती दुष्कर असते, याचा हा धडाच म्हणावा लागेल.